अन्न-असुरक्षितता शिकवताना: समानुभूती, डिझाइन थिंकिंग आणि वर्गातला अनुभव

अन्न-असुरक्षितता हा विषय शिकवायला घेणाऱ्या नव्या शिक्षकासमोर दोन सोप्या वाटा असतात. पहिली वाट आकडेवारीची: जगात इतके कोटी लोक उपाशी, इतके टक्के मुले कुपोषित, मग एक नकाशा, मग एक आलेख. दुसरी वाट हळहळीची: एखादे करुण छायाचित्र दाखवले जाते, वर्ग गप्प होतो, दोघातिघांचे डोळे भरून येतात आणि तास संपतो. या दोन्ही वाटांनी गेलेल्या विद्यार्थ्याला विषयाचे नाव कळते, पण ज्या घरात महिनाअखेरीला जेवणात काटकसर सुरू होते, तिथे नेमके कोणते निर्णय होतात, ते कोण घेते आणि कशाच्या बदल्यात घेते, हे त्याला सांगता येत नाही. ते सांगता यावे, एवढे खोलवर शिकवायचे असेल तर डिझाइन थिंकिंगची, म्हणजे आधी माणसांची अडचण समजून घेऊन मग उपाय घडवण्याची आणि तपासण्याची, पद्धत खरोखरच उपयोगी पडते, असा माझा अनुभव आहे. मात्र त्या पद्धतीत वेळ कुठे घालायचा हे आधी ठरवावे लागते, आणि नवे शिक्षक बहुधा तो शेवटच्या टोकाला घालतात.

या पद्धतीची आज सर्वाधिक वापरली जाणारी मांडणी स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या डिझाइन संस्थेमुळे रूढ झाली. समानुभूतीने समजून घेणे, समस्या नेमकी मांडणे, उपाय सुचवणे, कच्चा नमुना करणे आणि त्याची चाचणी घेणे, अशा तिच्या पाच पायऱ्या आहेत. फळ्यावर पाच पायऱ्या ओळीने लिहिल्या की प्रत्येकीला सारखा वेळ द्यावा असे वाटू लागते. या विषयात तसे करू नये. माझ्या अभ्यासक्रमात निम्म्याहून अधिक तास पहिल्या दोन पायऱ्यांवर जातात, आणि उपायांची चर्चा सुरू करण्याची विद्यार्थ्यांची घाई त्या काळात शांतपणे थोपवून धरणे हेच शिक्षकाचे मुख्य काम असते.

सुरुवात विषयाच्या व्याख्येपासून करावी, कारण विद्यार्थ्यांच्या मनात अन्न-असुरक्षितता आणि उपासमार या दोन गोष्टी एकच असतात. १९९६ साली रोम येथे भरलेल्या जागतिक अन्न शिखर परिषदेत जी व्याख्या स्वीकारली गेली तिचा आशय असा की, सर्व लोकांना, सर्व काळ, सक्रिय आणि निरोगी जीवनासाठी लागणारे पुरेसे, सुरक्षित, पोषक आणि त्यांच्या आवडीनिवडीला धरून असलेले अन्न प्रत्यक्ष मिळवता आले आणि परवडले, तरच अन्नसुरक्षा आहे असे म्हणावे. अन्नाची उपलब्धता, ते मिळवण्याची क्षमता, त्याचा योग्य वापर आणि या तिन्हींचे सातत्य असे चार आधार या विचारातून पुढे आले. व्याख्येतला प्रत्येक शब्द वर्गात सुटा करून पाहावा. ‘सर्व काळ’ या शब्दांपाशी तर मी हमखास थांबते, कारण आज ताटात अन्न आहे पण पुढच्या आठवड्याचे सांगता येत नाही, ही स्थितीही अन्न-असुरक्षितताच आहे, हे विद्यार्थ्यांना तिथेच पहिल्यांदा जाणवते.

आकडे द्यायचेच, पण ते या फरकासाठी द्यावेत. संयुक्त राष्ट्रांच्या संस्थांनी मिळून २०२५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालानुसार २०२४ मध्ये जगातले सुमारे ६७.३ कोटी लोक उपासमारीला तोंड देत होते, तर मध्यम किंवा तीव्र अन्न-असुरक्षितता अनुभवणाऱ्यांची संख्या सुमारे २३० कोटी होती. हे दोन आकडे शेजारी लिहावेत आणि विचारावे: पहिल्या आकड्यात न बसणारी पण दुसऱ्यात असणारी ही दीडशे कोटींहून अधिक माणसे रोज काय खातात, काय टाळतात आणि कशाची चिंता करतात? एवढ्या एका प्रश्नावर तासभर चर्चा चालते, आणि मुख्य म्हणजे उपासमारीचे ठरीव चित्र बाजूला पडते.

यानंतर मी संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेच्या अनुभवाधारित मापनपट्टीकडे वळते. आठ प्रश्नांची ही पट्टी नव्या शिक्षकांसाठी फार मोलाचे साधन आहे, तरी तिच्याकडे क्वचितच लक्ष जाते. पैशांच्या किंवा इतर साधनांच्या अभावी गेल्या बारा महिन्यांत पुरेसे खायला मिळणार नाही अशी चिंता वाटली का, इथून ती सुरू होते. पुढे पोषक अन्न खाता आले नाही का, मोजकेच पदार्थ खावे लागले का, एखादे जेवण चुकवावे लागले का, हवे त्यापेक्षा कमी खाल्ले का, घरातले अन्न संपले का, भूक लागूनही खाल्ले नाही असे झाले का, आणि शेवटी, पूर्ण दिवस काहीही न खाता काढला का, असे प्रश्न येतात. हे आठ प्रश्न वेगवेगळ्या कागदाच्या पट्ट्यांवर लिहून, क्रम न सांगता, मी प्रत्येक गटाला देते आणि सौम्य ते तीव्र अशा क्रमाने लावायला सांगते. शेवटचा प्रश्न सगळेच गट शेवटी ठेवतात. चिंतेच्या प्रश्नावर मात्र गटागटांत वाद होतो. चिंता ही मोजण्याची गोष्ट आहे का, असे काहींना वाटते. मग कुणीतरी म्हणते की चिंता सुरू झाली की माणूस जेवणाचा दर्जा आधी कमी करतो आणि प्रमाण नंतर, म्हणून चिंता हीच पहिली खूण आहे. हा युक्तिवाद विद्यार्थ्याच्या तोंडून येऊ द्यावा. शिक्षकाने घाई करून तो सांगून टाकू नये. आणि हे प्रश्न विद्यार्थ्यांनी स्वतःविषयी सोडवावेत असे कधीही सांगू नये, तोंडीही नाही आणि निनावी चिठ्ठ्यांवरही नाही.

असे का, ते थोडे विस्ताराने सांगते. वर्गातल्या काही विद्यार्थ्यांनी हा अनुभव स्वतः घेतलेला आहे, कदाचित आजही घेत आहेत, हे गृहीत धरूनच पहिला तास आखावा. चेहऱ्यावरून, कपड्यांवरून किंवा गुणांवरून ते ओळखू येत नाही. शिक्षक ‘ते लोक’ असे म्हणत राहिला तर असा विद्यार्थी त्याच क्षणी वर्गातून मनाने बाहेर पडतो. म्हणून मी पहिल्याच तासाला तीन गोष्टी सर्वांना सांगते: कुणालाही स्वतःचा अनुभव सांगण्याची सक्ती नाही, कोणताही उपक्रम कारण न देता सोडता येईल आणि त्याचा गुणांवर परिणाम होणार नाही, आणि अन्नाची मदत संस्थेत व बाहेर कुठे मिळते याची माहिती अभ्यासक्रमाच्या पहिल्याच पानावर छापलेली आहे. माहिती सर्वांच्या हातात असली की ती मागण्यासाठी कुणाला हात वर करावा लागत नाही.

याच कारणासाठी मी उपवासाचे प्रयोग करत नाही. एक दिवस न जेवता राहा, किंवा अगदी थोड्या पैशांत आठवडा काढून दाखवा, असे उपक्रम अनेक ठिकाणी हौसेने होतात आणि त्यांच्यामागचा हेतू चांगला असतो. परंतु ठरवून केलेल्या उपवासाला शेवट असतो, आणि तो कधी आहे हे उपवास करणाऱ्याला ठाऊक असते. अन्न-असुरक्षिततेत नेमके तेवढेच ठाऊक नसते. शिवाय मुलांना वाढून उरले तर स्वतः खाणे, पाहुणे येऊ नयेत म्हणून बोलावणेच टाळणे, औषध आणि किराणा यांतले एक निवडणे, हे सारे एका दिवसाच्या भुकेतून समजत नाही. विद्यार्थ्याला पोट रिकामे असल्याची जाणीव होते आणि तो समजतो की त्याला सगळे कळले. मधुमेह किंवा खाण्यासंबंधीचे विकार असलेल्या विद्यार्थ्यांना होऊ शकणारा त्रास ही तर उघड धोक्याची बाब आहे.

समानुभूती ही कल्पनेने येते असा आपला समज असतो: स्वतःला दुसऱ्याच्या जागी ठेवून पाहा, म्हणजे कळेल. टाल इयाल, मेरी स्टेफेल आणि निकोलस एप्ली या संशोधकांनी २०१८ मध्ये २५ प्रयोगांची एक मालिका प्रसिद्ध केली. दुसऱ्याच्या जागी स्वतःला कल्पिल्याने त्या व्यक्तीचे विचार आणि भावना ओळखण्यातली अचूकता वाढत नाही, असे त्यांना आढळले. अचूकता वाढली ती त्या व्यक्तीशी बोलून, तिला थेट विचारून. माझ्या दृष्टीने हा निष्कर्ष या अभ्यासक्रमाचा कणा आहे. समानुभूतीच्या पायरीवर विद्यार्थ्यांनी कल्पनेतल्या गरजू व्यक्तीचे चित्र रंगवत बसू नये. त्यांनी विचारायला आणि ऐकायला शिकावे.

विचारणे हे शिकवावे लागते. ‘तुम्हाला कशाची गरज आहे?’ हा प्रश्न विद्यार्थ्यांना सर्वात स्वाभाविक वाटतो आणि तोच सर्वात कमी उपयोगाचा असतो, कारण समोरची व्यक्ती, विचारणारा काय देऊ शकेल याचा अंदाज घेऊन उत्तर देते. त्याऐवजी घडलेल्या गोष्टीविषयी विचारावे. ‘गेल्या वेळी घरातले सामान संपत आले तेव्हा तुम्ही सर्वांत आधी काय केलेत?’ हा प्रश्न माझ्या विद्यार्थ्यांच्या वहीत पहिल्या पानावर असतो. एका गटाला यावर एका आईकडून मिळालेले उत्तर मला आजही शिकवायला उपयोगी पडते. तिने सांगितले की ती आधी स्वतःचे सकाळचे खाणे बंद करते, मग धाकट्याचे दूध तेवढेच ठेवून बाकीच्यांचे कमी करते, आणि मदत-केंद्राकडे सर्वात शेवटी जाते, कारण तिथली वाटपाची वेळ तिच्या कामाच्या वेळेतच येते आणि अर्धा दिवस बुडाला तर तेवढी मजुरी जाते. गटाने या उत्तराची कालरेषा काढली: आडव्या रेषेवर महिन्याचे दिवस, वर तिने घेतलेले निर्णय, खाली त्या प्रत्येक निर्णयाची किंमत. भिंतीवर लावलेल्या त्या एका कागदाने वर्गाला जेवढे शिकवले तेवढे माझ्या अनेक व्याख्यानांनी शिकवले नसेल.

मुलाखतींची शिस्त थोडक्यात सांगते, कारण ती पाळायला कठीण असली तरी समजायला सोपी आहे. ज्या संस्थेचे लोकांशी आधीपासून विश्वासाचे नाते आहे तिच्या मार्फतच जावे. संमती घ्यावी आणि मध्येच थांबता येईल हे सांगावे. नाव, पत्ता, छायाचित्र काहीही नोंदवू नये. बोलणाऱ्याच्या वेळेचा मोबदला द्यावा. विद्यार्थ्यांना ज्यातून गुण मिळतात ते काम दुसऱ्याने फुकट करावे अशी अपेक्षा ठेवणे योग्य नाही. मुलाखतीला दोघांहून अधिक विद्यार्थी नेऊ नयेत, एकाने बोलावे, दुसऱ्याने लिहावे. वाटप करणारे कार्यकर्ते, स्वयंपाक करणारे, हिशेब ठेवणारे यांच्याशीही बोलावे. त्यांना अडचणीची दुसरी बाजू माहीत असते.

आता दुसरी पायरी, म्हणजे समस्येची मांडणी. माझ्या मते सारा अभ्यासक्रम इथे तरतो किंवा बुडतो. जवळपास प्रत्येक तुकडीत एक तरी गट पहिल्याच दिवशी म्हणतो की एकीकडे अन्न वाया जाते आणि दुसरीकडे लोक उपाशी राहतात, तेव्हा दोघांना जोडणारे ॲप करू. त्यामागची तळमळ खरी असते आणि वाया जाणाऱ्या अन्नाचा आकडाही खरा आहे: संयुक्त राष्ट्र पर्यावरण कार्यक्रमाच्या २०२४ च्या अहवालानुसार २०२२ मध्ये घरे, उपाहारगृहे आणि दुकाने यांतून मिळून सुमारे १०५ कोटी टन अन्न वाया गेले आणि त्यातले सुमारे ६० टक्के घरांतून गेले. पण या दोन वस्तुस्थिती शेजारी ठेवल्याने त्यांच्यात कारण-परिणामाचे नाते तयार होत नाही. अमर्त्य सेन यांनी दुष्काळांच्या अभ्यासातून १९८१ साली दाखवून दिले की माणसे उपाशी राहतात ती पुष्कळदा अन्न नसल्यामुळे नव्हे, तर असलेल्या अन्नावर त्यांचा हक्क पोहोचत नसल्यामुळे. मजुरी बुडते, किमती चढतात, विकायला काही उरत नाही. हा विचार समजला की विद्यार्थी उरलेल्या अन्नाकडून माणसाच्या हाती काय आहे याकडे वळतात.

ही मांडणी एका वाक्यात लिहायला लावावी: अमुक परिस्थितीतल्या व्यक्तीला अमुक गोष्ट करता यायला हवी, पण अमुक कारणामुळे ती करता येत नाही. वाक्यात उपाय येता कामा नये आणि ‘गरीब लोक’ असा सरसकट शब्दही येता कामा नये. वर सांगितलेल्या गटाचे पहिले वाक्य होते, ‘गरजू कुटुंबांना अन्नवाटपाची माहिती मिळत नाही.’ त्यांच्याच टिपांमध्ये माहिती नसल्याचे कुणीही म्हटलेले नव्हते. मी त्यांना प्रत्येक शब्दाखाली, तो कोणत्या मुलाखतीतून आला ते लिहायला सांगितले, आणि ज्या शब्दाखाली काही लिहिता आले नाही तो खोडायला सांगितले. बरीच खाडाखोड झाल्यावर वाक्य असे झाले: ‘दिवसाच्या मजुरीवर काम करणाऱ्या आईला मजुरी न बुडवता मदत घेता यायला हवी, पण वाटपाची वेळ आणि अर्जाची पद्धत तिला कामावरून सुटी घ्यायला भाग पाडते.’ पहिल्या वाक्यातून जाहिरातफलक निघाला असता. दुसऱ्यातून वेळापत्रक आणि अर्ज निघाले.

उपाय सुचवण्याच्या पायरीवर नव्या शिक्षकाला फारशी अडचण येत नाही. समस्या नीट मांडलेली असली की सूचना भराभर येतात. एक पथ्य मात्र पाळावे. प्रत्येक समस्येचे उत्तर वस्तू किंवा ॲप असते असा ग्रह या पद्धतीमुळे होऊ शकतो. मजुरीचा दर, घरभाडे, शाळेतल्या जेवणाची तरतूद अशा कारणांवर उपाय धोरणात असतो, आणि ‘आमच्या समस्येचे उत्तर नियम बदलण्यात आहे, म्हणून आम्ही संबंधित अधिकाऱ्यांना द्यायचे निवेदन तयार केले’ असे म्हणणारा गट इतरांइतकाच यशस्वी मानावा.

कच्च्या नमुन्याचे एक उदाहरण जवळून पाहण्यासारखे आहे. त्या गटाने मदतीच्या अर्जाचा सुटसुटीत नमुना कागदावर हाताने तयार केला आणि मदत-केंद्रातल्या एका कार्यकर्तीच्या उपस्थितीत, पूर्वी अर्ज भरलेल्या एका बाईंना तो भरून पाहण्याची विनंती केली. विद्यार्थ्यांनी मध्ये बोलायचे नाही, फक्त पाहायचे, असे ठरले होते. नाव, कामाचे स्वरूप हे त्यांनी झटपट लिहिले. ‘कुटुंबातील व्यक्तींची संख्या’ या चौकटीपाशी त्यांचे पेन थांबले. त्यांनी आधी पाच लिहिले, खोडून चार केले, आणि मग कार्यकर्तीकडे पाहून विचारले की भावाचा मुलगा आठवड्यातले चार दिवस आमच्याकडेच जेवतो, पण कागदोपत्री तो आमचा नाही, त्याला धरायचे का? विद्यार्थ्यांनी तो अर्ज अनेकदा तपासला होता, पण ही चौकट त्यांना सर्वात निरुपद्रवी वाटली होती. पुढच्या आवृत्तीत त्यांनी ‘आपल्या घरी नेहमी किती जण जेवतात?’ असे विचारले. कागदी नमुन्याची किंमत नगण्य असते, आणि म्हणूनच त्यावर खाडाखोड करायला समोरची व्यक्ती कचरत नाही; संगणकावर सुबक करून नेलेला अर्ज लोक पाहुण्याच्या नजरेने पाहतात आणि छान आहे म्हणून परत देतात.

चाचणीच्या बाबतीत माझे मत ठाम आहे. होर्स्ट रिटेल आणि मेल्विन वेबर या नियोजनाच्या अभ्यासकांनी १९७३ साली सामाजिक नियोजनातल्या बिकट समस्यांची लक्षणे सांगताना, अशा समस्यांवरचा प्रत्येक प्रयत्न मागे परिणाम ठेवून जातो, तो पुसून पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करता येत नाही, असे म्हटले होते. ‘लवकर करून पाहा, फसले तर फसले’ हे डिझाइनच्या क्षेत्रातले आवडते सूत्र इथे जसेच्या तसे लावता येत नाही. विद्यार्थ्यांनी सत्रापुरता अन्नवाटपाचा प्रयोग सुरू केला, काही घरे त्यावर विसंबली आणि परीक्षा आल्यावर तो बंद पडला, तर त्या घरांसाठी ती आणखी एक अनिश्चितता झाली. त्यामुळे माझ्या वर्गात चाचणी कागदाची, वेळापत्रकाची, सूचनाफलकाची आणि संभाषणाची होते. प्रत्यक्ष अन्न देणारा उपक्रम तो चालवणाऱ्या संस्थेने, तिच्या जबाबदारीवर आणि तिच्या गतीनेच सुरू करावा.

गुणांकनात नावीन्याला मी गुण ठेवत नाही. मांडणीच्या वाक्यातला प्रत्येक शब्द मुलाखतीशी जोडता येतो का, चाचणीनंतर काय बदलले आणि का, आणि काय माहीत नाही हे गटाने स्पष्ट लिहिले आहे का, एवढे पाहते. चकचकीत सादरीकरण करणारे गट यावर सुरुवातीला नाराज होतात. निकष पहिल्याच तासाला लेखी दिले तर ही नाराजी टिकत नाही.

ज्यांना या कामात पुढे जायचे आहे, मग ते शिक्षक म्हणून असो, पोषण किंवा समाजकार्याच्या क्षेत्रात असो, किंवा सार्वजनिक सेवांच्या डिझाइनमध्ये असो, त्यांनी आधी काही महिने एखाद्या मदत-केंद्रात नियमित काम करावे, असा माझा आग्रह राहील. शिकवण्याची साधने नंतरही मिळवता येतात. रांगेत उभ्या असलेल्या माणसाशी नजर कशी मिळवावी, नकार देण्याची वेळ आली तर तो कसा द्यावा, कागदपत्र नसलेल्या माणसाला परत न पाठवता काय करता येते, हे मात्र तिथेच शिकायला मिळते, आणि ज्याला ते येते त्याचे विद्यार्थी मुलाखतीत चांगले प्रश्न विचारतात.

अभ्यासक्रमाचा शेवटचा तास सादरीकरणाचा नसावा. सादरीकरण त्याआधी उरकावे, आणि शेवटच्या भेटीत प्रत्येक गटाने ज्यांच्याशी बोलणे झाले त्या लोकांकडे व संस्थेकडे परत जाऊन काय ऐकले, त्यातून काय तयार केले आणि त्यातले काय प्रत्यक्षात येणार नाही, हे सांगावे. काय येणार नाही, हे सांगणे विद्यार्थ्यांना सर्वात जड जाते, म्हणून त्याचा सराव वर्गात आधी करून घ्यावा. तयार झालेले अर्जाचे नमुने आणि कालरेषा, ओळख पटेल असा प्रत्येक तपशील काढून, संस्थेकडे सोपवाव्यात. त्यांची एक प्रत मी ठेवते आणि पुढच्या तुकडीला पहिल्या आठवड्यात वाचायला देते, म्हणजे तेच प्रश्न घेऊन त्याच माणसांच्या दारात पुन्हा जावे लागत नाही आणि नवी तुकडी आधीच्या तुकडीने जिथे काम सोडले तिथून पुढे सुरू करते.